मपेट्सचे जुने सिनेमे सरस की नवे? बाहुली हातात घालणाऱ्या बाईचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं. २०११ सालचा 'द मपेट्स' (जिम हेन्सननं घडवलेल्या मपेट्स या बोलक्या हातबाहुल्यांचा अमेरिकी सिनेमा) त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला, गाणी पाठ केली. मग आईबाबांनी मोठ्या हौसेनं १९७९ चा 'द मपेट मूव्ही' लावला, तर अर्ध्यातच धाकटा उठून गेला. तेव्हा जुने सिनेमे खरंच सरस आहेत, की आपण ते लहानपणी पाहिले म्हणून सरस वाटतात? आणि शाळेत बाहुलीनाट्य बसवायचं असेल तर त्यातले कुठले पाहावेत?

मी हातबाहुल्यांचे प्रयोग करते आणि शिक्षकांना ते शिकवते. त्यामुळे हे उत्तर सिनेसमीक्षकाचं नाही, तासन्‌तास हात डोक्यावर धरून खांदा भरून आलेल्या माणसाचं आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगते: 'सेसमी स्ट्रीट'मधली मंडळी (आपल्याकडे २००६ मध्ये ज्यातून 'गली गली सिम सिम' आलं ती) मी यात धरलेली नाहीत. त्यांची निर्मिती हेन्सन आणि मंडळींचीच असली तरी त्यांचं घर वेगळं आहे.

सुरुवातीला धाकट्याची बाजू घेते. १९७९ चा सिनेमा संथ आहे. दलदलीत राहणारा कर्मिट बेडूक हॉलिवूडला निघतो, वाटेत एकेक जण त्याला येऊन मिळतो, आणि प्रत्येक थांब्यावर एखादा अमेरिकी विनोदवीर पाहुणा म्हणून येऊन जातो. बॉब होप, मिल्टन बर्ल, मेल ब्रुक्स, उद्धट वेटर झालेला स्टीव्ह मार्टिन. तेव्हाच्या अमेरिकी प्रेक्षकाला प्रत्येक चेहरा दिसताच हसू फुटत असणार. आपल्या मुलांना ती नुसती अनोळखी माणसं. एका प्रसंगात शब्दभ्रमकार एडगर बर्गन आपला बाहुला चार्ली मकार्थी घेऊन बसलेला दिसतो. बर्गन १९७८ मध्ये, सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच, वारला आणि सिनेमा त्याला अर्पण केलेला आहे. रामदास पाध्यांचा अर्धवटराव पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या काही सेकंदांचं मोल लगेच कळतं. सात वर्षांच्या मुलाला ते कळावं असा आग्रह धरू नये.

तर वेग, पाहुणे आणि चित्राची सफाई यांत नवे सिनेमे पुढे आहेत, वाद नाही. पण बाहुली म्हणून बाहुली जिथे जिवंत होते, ते ठिकाण जुन्या सिनेमांत जास्त वेळा सापडतं. का, ते सांगते.

या बाहुल्या खेळवतात कशा, हे आधी पाहू. कलाकार बाहुलीच्या खाली असतो, एक हात डोक्याच्या वर ताणलेला, बाहुलीच्या तोंडात. दुसऱ्या हातात बाहुलीच्या हाताची काडी. फॉझी अस्वल किंवा रोल्फ कुत्रा यांच्यासारख्यांचे पंजे म्हणजे खरे हातमोजे असतात, म्हणून तिथे उजव्या हातासाठी दुसरा माणूस बगलेला चिकटून उभा. आणि सगळ्यांची नजर पायाशी ठेवलेल्या मॉनिटरवर. त्या मॉनिटरवरचं चित्र आरशासारखं उलटं नसतं. आपण उजवीकडे गेलो की बाहुली पडद्यावर डावीकडे जाते. शिकाऊ माणूस इथेच गडबडतो. पण एकदा सवय झाली की मोठी गोष्ट हाती येते: कॅमेऱ्याला जे दिसतं ते कलाकारालाही त्याच क्षणी दिसतं. तो एकाच वेळी नटही असतो आणि प्रेक्षकही. जिम हेन्सननं १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या टीव्ही केंद्रावर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला तेव्हाच बाहुलीच्या खेळाची पेटी, तिची चौकट काढून टाकली आणि टीव्हीचा पडदा हीच चौकट धरली. त्यानंतरचं सगळं यातून आलं.

कर्मिटचं डोकं तर फारच साधं आहे. आईच्या टाकून दिलेल्या कोटाचं कापड आणि डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापून, असा तो पहिला कर्मिट. आजही त्याच्या चेहऱ्यात यंत्र नाही, भरणही जवळजवळ नाही. कापडाखाली थेट माणसाची बोटं. मूठ जराशी आवळली की तो ओशाळतो, बोटांची पेरं वर उचलली की कपाळाला आठी पडते. म्हणजे कर्मिटचा चेहरा हा शब्दशः कुणाच्या तरी हाताचा चेहरा आहे. हात बदलला की चेहरा बदलतो. आवाज हुबेहूब काढणारा माणूस मिळेल, पण त्याच बोटांचा माणूस कुठून आणणार?

आता १९७९ च्या सिनेमाचा पहिला प्रसंग. दलदलीत ओंडक्यावर बसून कर्मिट बँजो वाजवत गातोय. चहूकडे पाणी, खाली लपायला जागा नाही. हेन्सन त्या पाण्याखाली एका लोखंडी टाकीत अंगाची घडी करून बसला होता. हवा नळीनं, समोर छोटा मॉनिटर, आणि हात वर ओंडक्यातून बाहेर. पुढे कर्मिट सायकल चालवतो. पूर्ण अंग दिसतं, पायही पॅडल मारतात. इथे हात उपयोगाचा नव्हता, म्हणून वरून दोऱ्या बांधून कळसूत्रीचं तंत्र वापरलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे अवघड का आहे ते सांगायला नको: दोरीवरच्या बाहुलीला वजन देणं सगळ्यात कठीण, ती तरंगायला लागते. फॉझी गाडी चालवतो तेव्हा खरा चालक डिकीत दडून टीव्हीच्या पडद्यावर रस्ता बघत होता.

नव्या सिनेमांत हे सगळं सोपं झालं. काड्या संगणकावर पुसता येतात, कलाकारालाही चित्रातून पुसता येतं. त्यामुळे बाहुली कुठेही उभी राहू शकते, नाचू शकते. माझी तक्रार तंत्राविषयी नाही. मला ते मिळालं असतं तर मीही वापरलं असतं. पण परिणाम वेगळा होतो. १९७९ मध्ये सायकल पाहून मोठी माणसंसुद्धा 'हे केलं कसं?' म्हणून पुढे सरकायची. २०११ मध्ये कर्मिट रस्त्यावर चालला तरी कुणी भुवई उचलत नाही, संगणकानं केलं असेल एवढंच मनात येतं. बाहुलीच्या खेळातली अर्धी मजा या संशयातच असते.

तरीही तंत्र हा दुय्यम मुद्दा. मुख्य मुद्दा जोडीचा आहे.

हेन्सन आणि फ्रँक ऑझ ही जोडी. हेन्सनकडे कर्मिट, रोल्फ, डॉक्टर टीथ. ऑझकडे डुकरीण मिस पिगी, फॉझी, ड्रमवाला ॲनिमल, सॅम गरुड. म्हणजे कर्मिट आणि पिगीचं भांडण असो की कर्मिट आणि फॉझीची दोस्ती, पडद्याखाली तीच दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी. स्वीडिश शेफ या आचाऱ्यात तर ती एकाच बाहुलीत होती. डोकं आणि आवाज हेन्सनचा, आणि बाह्यांतून बाहेर येणारे उघडे, खरे माणसाचे हात ऑझचे. हात काय उचलणार, काय फेकणार, याचा डोक्याला पत्ता नाही. हेन्सननं ते तिथल्या तिथे निभावून न्यायचं. बाहुलीनाट्याच्या वर्गात मी हा खेळ हमखास घेते. एकानं बोलायचं, मागच्यानं हात चालवायचे. हसून हसून पुरेवाट होते, आणि ऐकणं म्हणजे काय ते सगळ्यांना आपोआप समजतं.

या जोडीचं सगळ्यात देखणं काम १९८१ च्या 'द ग्रेट मपेट केपर'मध्ये आहे. दिग्दर्शन हेन्सनचंच. कर्मिट आणि फॉझी यात चक्क जुळे भाऊ आहेत, आणि फॉझीनं टोपी काढली की कोण कोणता ते लोकांना ओळखू येत नाही. बेडूक आणि अस्वल! हा विनोद कुणीही समजावत बसत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. लंडनच्या बागेत कर्मिट पिगीला खोटेपणाबद्दल जाब विचारतो तो प्रसंग नीट पाहा. भांडता भांडता कर्मिट भूमिकेतून बाहेर येतो आणि तिला म्हणतो की तू जरा जास्तच अभिनय करतेयस. ती भडकते. आता भांडण पात्रांचं नसून नटांचं झालं, आणि ते नटसुद्धा बाहुल्याच. कॅमेरा फार हलत नाही, कापाकापी कमी, दोन बाहुल्या आणि दोन हात. पिगीचं डोकं बोलण्याआधी किंचित मागे जातं, श्वास घेतल्यासारखं. बाहुलीला फुप्फुसं नसतात. तो श्वास ऑझच्या मनगटात आहे. हेन्सन ते मॉनिटरवर बघतोय, म्हणून कर्मिट अर्धा क्षण थांबतो. हा अर्धा क्षण लिहून देता येत नाही.

१९८४ चा 'द मपेट्स टेक मॅनहॅटन' ऑझनं दिग्दर्शित केला. उत्तरार्धात तो रेंगाळतो. पण हॉटेलच्या स्वयंपाकघरात उंदीर नाश्ता बनवतात, लोण्याच्या तुकड्यांवर उभे राहून तव्यावर स्केटिंग करतात, तेवढ्यासाठी तो पाहावाच. त्या उंदरांच्या गडबडीत एकही उंदीर रिकामा उभा नाही.

१६ मे १९९० रोजी हेन्सन गेला, वय अवघं ५३. जुनं संपलं आणि नवं सुरू झालं अशी रेघ लोक इथे मारतात. मी ती इथे मारत नाही, कारण पुढचाच सिनेमा माझ्या मते सगळ्यांत चांगला आहे.

१९९२ चा 'द मपेट ख्रिसमस कॅरल'. दिग्दर्शक जिमचा मुलगा ब्रायन, त्याचा हा पहिलाच सिनेमा. कर्मिट आता स्टीव्ह व्हिटमायरच्या हातात. पोकळी प्रचंड होती, आणि त्यांनी ती भरायचा प्रयत्नच केला नाही. कर्मिटला नायक न करता बॉब क्रॅचिट या गरीब कारकुनाची भूमिका दिली, लांब वाकड्या नाकाच्या गॉन्झोला मूळ कथेचा लेखक डिकन्स करून कथा सांगायला बसवलं, आणि मधोमध मायकेल केन हा कंजूष स्क्रूज म्हणून. केननं काय केलं? काहीच विशेष नाही. समोर बेडूक आहे याची जराही जाणीव न दाखवता, शेक्सपिअरच्या नाटकात उभं असल्यासारखं गंभीर काम केलं. चित्रीकरणात जमिनीच्या जागी मोठमोठी भोकं होती, त्यांत कलाकार उभे, आणि केन मधल्या फळ्यांवरून चालत होता. हे माहीत असताना त्याचं चालणं पाहा. एकदाही खाली बघत नाही. माणूस बाहुलीवर विश्वास ठेवतो तेव्हा बाहुली आपोआप खरी होते. माणूस प्रेक्षकाला डोळा मारायला लागला की दोघंही खोटे पडतात. मूळ कथेत मार्ली, म्हणजे स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं भूत, एकच आहे, इथे दोन, कारण स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे सज्जातले खवचट म्हातारे सुटे करता येत नाहीत. असे बदल जेरी जुहलसारखा लेखकच करू जाणे. 'द मपेट शो' या मूळ टीव्ही मालिकेचा तो मुख्य लेखक. पहिल्या सिनेमातही त्याचा हात होता. (चित्रपटगृहात दाखवताना यातलं नायिकेचं विरहगीत कापलं होतं, २०२२ मध्ये ते परत घातलेली आवृत्ती आली. तीच बघा, नाहीतर शेवटचं गाणं अधांतरी राहतं.)

१९९६ चा 'मपेट ट्रेझर आयलंड' टिम करी या नटासाठी पाहावा. तो केनच्या अगदी उलट, बाहुल्यांपेक्षा मोठा आव आणतो आणि तेही चालून जातं. १९९९ चा 'मपेट्स फ्रॉम स्पेस' नवी गाणी नसलेला आणि हरवल्यासारखा. त्यानंतर टीव्हीपुरते काही झाले, ते सोडून दिलेत तरी बिघडणार नाही. २००४ मध्ये डिस्नेनं मपेट्स विकत घेतले.

आणि मग २०११. तुमच्या मुलांना आवडला यात नवल नाही, सिनेमा चांगलाच आहे. जेसन सीगलनं तो प्रेमानं लिहिलाय, ब्रेट मकेन्झीची गाणी जुन्या गाण्यांच्या पंक्तीत बसतात आणि 'मॅन ऑर मपेट'ला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण कथा काय आहे पाहा. मपेट्सना लोक विसरलेत, त्यांचं थिएटर मोडकळीला आलंय, ते वाचवायला सगळ्यांनी पुन्हा एकत्र यायचं. म्हणजे सिनेमा मपेट्सच्या लोकप्रियतेबद्दलच आहे. १९७९ मध्येही आपण सिनेमात आहोत हे त्यांना ठाऊक होतं; एका प्रसंगात तर ते आपल्याच सिनेमाची संहिता दुसऱ्यांना वाचायला देतात. पण आपण लाडके आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओंडक्यावरचं ते इंद्रधनुष्याचं गाणं म्हणणाऱ्या बेडकाला कुणी ओळखत नाही, तो स्वतःलाच प्रश्न विचारतोय. २०११ मध्ये तेच गाणं रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर, सगळे मिळून गातात आणि आपल्याला रडू येतं. मलाही आलं. पण ते रडू १९७९ च्या गाण्याचं आहे, आताच्या प्रसंगाचं नाही. मुलं एवढी हळवी होत नाहीत ते याच कारणानं. त्यांना कथा आणि नाच आवडतो.

इथे कलाकारांची अडचण समजून घ्या. ऑझ या सिनेमात नाही. पिगी, फॉझी, ॲनिमल, सॅम हे सगळे एरिक जेकबसनकडे. त्याचं काम उत्तम आहे, डोळे मिटून ऐकलं तर फरक ओळखणं कठीण. पण वारशानं मिळालेली बाहुली खेळवणाऱ्याला सतत एक धाक असतो: पिगी असं वागेल का? ऑझला हा प्रश्न कधी पडला नाही. तो जे करेल ते पिगीचं. धाक असलेला हात सुरक्षित हालचाली निवडतो, त्यामुळे ओळखीच्या लकबी जास्त आणि अचानक सुचलेलं कमी. फॉझीला पादणारे बूट घातलेत तो विनोद मला म्हणूनच खटकला. जुना फॉझी भिकार विनोद अपार श्रद्धेनं सांगायचा आणि पडला की मनातून कोसळायचा. गंमत त्या कोसळण्यात होती. बुटांना पडायची भीतीच नाही.

म्हणूनच नव्या सिनेमांत सगळ्यात मोकळा हात नव्या पात्रांचा आहे. २०११ मधला वॉल्टर पीटर लिंझचा, आणि त्याच्यामागे कुणी पूर्वज नाही. शेवटी तो एकटा रंगमंचावर उभा राहून शीळ घालतो. बोलायचं नाही, हात फार हलवायचे नाहीत, नुसतं मानेचं आणि तोंडाचं काम. लिंझनं सुरुवातीला मान आत ओढून धरलीय आणि सूर लागत जातो तशी ती हळूहळू वर येते. हा प्रसंग मी वर्गात दाखवते आणि मुद्दाम कर्मिटच्या ओंडक्याशेजारी ठेवून दाखवते.

२०१४ च्या 'मपेट्स मोस्ट वाँटेड'ला लोकांनी नाकं मुरडली. पहिल्याच गाण्यात तो स्वतःवर हसून घेतो, की दुसरा भाग पहिल्याएवढा चांगला कधी नसतोच. माझ्या लेखी तो २०११ च्या वरचा, कारण रडवायचा सोस नाही. त्यात कॉन्स्टँटिन नावाचा रशियन ढंगाचा बदमाश बेडूक आहे. गालावर तीळ सोडला तर कर्मिटसारखाच. कर्मिट सैबेरियाच्या तुरुंगात जातो आणि हा त्याच्या जागी बसून कर्मिटची नक्कल करतो, तीही भयानक वाईट. मंडळींपैकी ॲनिमल सोडून कुणाच्या लक्षात येत नाही! कॉन्स्टँटिन खेळवलाय मॅट व्होगलनं. व्हिटमायरला मपेट्समधून बाजूला केल्यावर २०१७ मध्ये खरा कर्मिट याच व्होगलकडे आला. म्हणजे ज्याला धडधडीत खोटा कर्मिट करताना आपण पोट धरून हसलो, त्याच्यावरच पुढे खरा सांभाळायची पाळी आली. सिनेमा करताना हे कुणाच्या मनात नसणार, पण आज तो पाहताना मला ते विसरता येत नाही. आणि खरं सांगायचं तर व्होगलचा कॉन्स्टँटिन त्याच्या कर्मिटपेक्षा जास्त जिवंत आहे. तो त्याचा स्वतःचा आहे ना.

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांना मी एक नाव सुचवते: डेव्ह गोल्झ. १९७६ पासून गॉन्झो त्याच्याच हातात आहे, या सगळ्या सिनेमांत. १९७९ मध्ये वाळवंटात रात्री शेकोटीपाशी गॉन्झो परत जाण्याचं गाणं म्हणतो ते पाहा, १९९२ मध्ये तो डिकन्स होऊन कथेत गुंगून जातो ते पाहा, आणि मग २०११ मधला पाहा. हात तोच. पण २०११ मध्ये त्याच्या वाट्याला एकेक ओळ आणि एकेक गंमत येते, प्रसंग येत नाही. तेव्हा फरक सगळाच हाताचा नाही, लेखनाचाही आहे. जुहल २००५ मध्ये गेला, ती रेघ मला जास्त खरी वाटते.

आता तुमच्या घरासाठी. धाकट्याला १९७९ चा इतक्यात परत लावू नका. 'ग्रेट मपेट केपर' लावा. हिऱ्यांची चोरी आहे, पिगीचं पाण्यातलं नृत्य आहे, बागेत सगळी वरात सायकलवर आहे. तो पचला की डिसेंबरात 'ख्रिसमस कॅरल', दोघं एकत्र. अकरा वर्षांच्या मुलाला भुतांचं भय वाटणार नाही, धाकट्याला तिसऱ्या भुताच्या वेळी जवळ घेऊन बसा. मग 'मोस्ट वाँटेड'. १९७९ चा थोरल्याला एकट्याला, बारातेराचा झाल्यावर दाखवा. घर सोडून काहीतरी करून दाखवावंसं वाटायला लागतं त्या वयाचा तो सिनेमा आहे.

शाळेतल्या बाहुलीनाट्यासाठी पूर्ण सिनेमे दाखवायची गरज नाही. बागेतलं भांडण आवाज बंद करून दाखवा आणि कोण कधी चिडलं ते मुलांना ओळखायला सांगा. मग मोजे हातात घालून, मोबाइलचा कॅमेरा टीव्हीला जोडून, त्यात बघत बघत दोघादोघांना भांडायला लावा. पहिल्या दिवशी सगळी मुलं शब्दागणिक मोज्याचा वरचा जबडा हलवतील, त्यामुळे बाहुली छताकडे बघत बोलेल. चार बोटं स्थिर आणि अंगठा खाली, एवढीच सूचना द्या. एक मोठं टेबल मध्ये ठेवा म्हणजे त्याच्यामागे खाली बसता येईल, आणि दर पाच मिनिटांनी हात खाली घ्यायला लावा. उत्साहाच्या भरात मुलं सांगत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात.